आत घेतलेला होकार

मायलिसची आणि माझी ओळख भांडणातून झाली. आमच्या सोसायटीच्या बागेत अवजारं ठेवायची एक लाकडी खोली आहे. हिवाळाभर ती बंद होती आणि एप्रिलमध्ये बर्फ ओसरल्यावर मी हौसेनं झाडायला घेतली. कोपऱ्यात शेतउंदरांच्या लेंड्या, फळ्यांवर बोटभर धूळ. मी झाडू मारायला सुरुवात केली तोच दारातून आवाज आला, "थांब. कोरडं झाडू नकोस."

तिसऱ्या मजल्यावर राहणारी ती बाई मला फक्त जिन्यात दिसायची. लहानखुरी, जाड भिंगांचा चष्मा, पिकलेले केस दोन्ही कानांमागे असे खोचलेले की कान अगदी उघडे. तिनं माझ्या हातातला झाडू काढून घेतला, झारीनं आधी जमीन भिजवली आणि मग मला ओल्या फडक्यानं पुसायला लावलं. त्या लेंड्यांची धूळ नाकात गेली की उंदीरताप येतो, अंग मोडून येतं, मूत्रपिंडांवर जातं, पंधरा दिवस माणूस उठत नाही, हे ती एखाद्या मोठ्या डॉक्टरच्या थाटात सांगत होती. तू डॉक्टर आहेस का, असं मी विचारलं. इथे स्वीडनमध्ये प्रोफेसरलाही 'तू'च म्हणतात.

"नाही. डॉक्टर जे बोलतात ते मी टाइप करते," ती म्हणाली. "त्यांना एकेकाला एकेक रोग माहीत असतो. मला सगळ्यांचे."

ही बढाई नव्हती. मायलिस एकेचाळीस वर्षं रुग्णालयात टंकलेखिका होती. डॉक्टर रोगी तपासतात, यंत्रात तोंडी टिपण बोलून ठेवतात, आणि कुठल्यातरी खिडकीपाशी बसलेली एक बाई ते कानानं ऐकून कागदावर उतरवते. कानावर हेडफोन, पायाखाली पेडल. पेडल दाबलं की आवाज पुढे, टाच टेकवली की मागे. आधी टेप होत्या, मग छोट्या कॅसेट, मग संगणक आला. पेडल मात्र तेच राहिलं, आणि ध्वनिमुद्रणाला 'टेप' म्हणायची सवयही. घरी रेडिओ ऐकतानाही तिचा उजवा पाय हलायचा.

पहिली बारा वर्षं ती संसर्गजन्य रोगांच्या विभागात होती. सशांपासून आणि डासांपासून येणारा ताप, उंदीरताप, जंगलात काम करणाऱ्यांना होणारे नाना प्रकार. तिथले एक संशोधक दलदलीत उभे राहूनच टिपण बोलायचे. मागे डासांचं गुणगुणणं, मध्येच फट्ट असा आवाज, आणि मग एक अस्सल गावरान शिवी. मायलिस शिव्या गाळायची, पण समासात बारीक अक्षरात लिहायची, 'सहा शिव्या गाळल्या.' संशोधक महाशयांनी एकदा तिला बोलावून विचारलं, की याची काय गरज? ती म्हणाली, "तू बोललास त्यातलं काही मी वगळलं, तर वगळलं हे लिहायला नको?" त्यानंतर महाशयांच्या शिव्या निम्म्यावर आल्या.

नंतरची पंधरा वर्षं दंतमहाविद्यालयात गेली. जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा बारीक स्क्रू बसवून त्यावर दात उभा करायचा, हे तेव्हा नवं होतं, आणि हाड तो स्क्रू किती वर्षं धरून ठेवतं याचा अभ्यास चालला होता. त्या अभ्यासात आतल्या खेड्यांतल्या बऱ्याच बायका होत्या. पूर्वी तिकडे मुलीचे दात विशीच्या आत सगळे काढून टाकायचे आणि कवळी बसवायची, म्हणजे लग्नानंतर नवऱ्याला खर्च नको. मायलिसच्या आईचे असेच काढले होते. त्या बायकांच्या मुलाखती टाइप करताना तिला आपली आई बोलतेय असंच वाटायचं. एक बाई सत्तराव्या वर्षी म्हणाली होती, की आता मी राय धान्याची कडक भाकरी दुधात न बुडवता खाते, आणि तिचा आवाज घरातल्यांना खटकतो, पण मी मुद्दाम जोरात चावते. हे वाक्य संशोधनाच्या काही कामाचं नव्हतं. मायलिसनं ते पूर्ण टाइप केलं.

आता पुढचं सांगण्याआधी एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे, उत्तर स्वीडनमध्ये, 'हो' म्हणायची एक वेगळी तऱ्हा आहे. शब्द उच्चारायचाच नाही. ओठांचा चंबू करून हवा झटकन आत ओढायची. तिखट लागल्यावर आपण 'स्स' करतो ना, तसंच काहीसं, पण आखूड आणि गोल. की झाला होकार. दुकानात, बँकेत, चर्चमध्ये, सगळीकडे. समुद्रापासून जितकं आत जावं तितका हा श्वास वाढतो आणि शब्द कमी होतात. मायलिस अगदी आतल्या, ओसेलेकडच्या गावातली. तिच्या वडिलांनी, ती म्हणायची, उभ्या आयुष्यात तोंडानं 'हो' म्हटलं ते फक्त लग्नात, आणि तेही पाद्रीनं पुन्हा विचारल्यावर. माझ्याही तोंडी हा श्वास कधी बसला ते कळलं नाही. साताऱ्याची वहिनी एकदा फोनवर म्हणाली, "तुला दम लागतो का गं? मधूनमधून धाप टाकतेस."

तर मायलिस एकेचाळीस वर्षं हा श्वास ऐकला की 'हो' टाइप करत आली. कुणी कधी हरकत घेतली नाही. तिला स्वतःलाही आपण श्वासाचा शब्द करतोय असं कधी वाटलं नाही. तो तिच्या लेखी शब्दच होता.

शेवटची चौदा वर्षं ती मेंदूला मार बसलेल्या रोग्यांच्या विभागात होती. निवृत्तीला चार महिने उरले असताना ही गोष्ट घडली, आणि मला ती तुकड्यातुकड्यानं कळत गेली, दर गुरुवारी, तळघरातल्या धुलाईखोलीत. दोघींचा वार एकच होता. मोठ्या चादरींची घडी एकटीला घालता येत नाही, त्यामुळे एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे. चादरीच्या त्या टोकाला उभी राहून ती बोलायची आणि जवळ येऊन टोकं जुळवताना थांबायची.

त्या विभागात बोडिल नावाची संशोधक डॉक्टर आली होती. वय पस्तीस, देशाच्या पार दक्षिणेकडची. तिकडचे लोक घशात लापशी अडकल्यासारखे बोलतात म्हणून आमच्याकडे त्यांची थट्टा होते, आणि बोडिल ती हसून घ्यायची. तिचा अभ्यास असा होता: डोक्याला जबर मार बसून तीन महिने झालेल्या माणसाला बारा साधे प्रश्न विचारायचे, सहांचं खरं उत्तर 'हो', सहांचं 'नाही'. सगळं ध्वनिमुद्रित करायचं, मायलिसनं ते उतरवायचं, आणि त्या कागदावरून गुण मोजायचे. बारापैकी नऊ बरोबर आले तर त्याला आपलं बोलणं कळतंय असं धरायचं, आणि मग वर्षभर, आठवड्याचे पाच दिवस, त्याला प्रशिक्षण द्यायचं: बोलायचं, बसायचं, चमचा धरायचं. नवाच्या खाली आले तर घराजवळच्या शुश्रूषागृहात रवानगी आणि आठवड्यातून दोनदा व्यायाम. जागा थोड्या होत्या.

एव्हर्ट हा अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, जंगलात लाकूड तोडणारी मोठी यंत्रं चालवायचा. डिसेंबरमध्ये घराच्या छपरावरचा बर्फ ढकलायला चढला आणि बर्फाबरोबर खाली आला. तीन आठवडे गळ्याला भोक पाडून श्वास चालू ठेवला होता. मार्चमध्ये त्याला बारा प्रश्न विचारले. तुझं नाव एव्हर्ट आहे का? तुझं नाव बेंग्ट आहे का? खिडकीबाहेर बर्फ आहे का? मायलिसच्या कागदावर त्याचे बारापैकी बारा बरोबर होते. सहा 'नाही' आणि सहा 'हो'.

दर दहावं ध्वनिमुद्रण बोडिल स्वतः ऐकून कागदाशी ताडून पाहायची. एव्हर्टचं नेमकं दहावं निघालं. तिनं मायलिसला खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"सहा 'नाही' मला ऐकू आले," ती म्हणाली. "खर्जातले, पण स्पष्ट. 'हो' एकही नाही. हे सहा 'हो' कुठून आले?"

"टेपवरून."

"दाखव."

मायलिसनं लावलं. तुझं नाव एव्हर्ट आहे का? मग शांतता, मग हवा आत गेल्याचा आवाज. "हा बघ," मायलिस म्हणाली. बोडिल म्हणाली, हा श्वास आहे. मायलिस म्हणाली, हा होकार आहे. बोडिल काही आडमुठी नव्हती. दीड वर्षात तिनं तो श्वास हजारदा ऐकला होता. पहिले दोन महिने तर तिला वाटायचं की आपण काहीतरी फार थक्क करणारं बोलतोय, म्हणून इथले लोक सारखे श्वास रोखतात. मग एका नर्सनं तिला समजावलं होतं.

"धडधाकट माणसाचा असेल तर मी मान्य करीन," बोडिल म्हणाली. "पण या माणसाचा गळा तीन आठवडे उघडा होता. त्याचा श्वास दिवसभर असाच अडकतो. याच टेपवर असे चाळीस श्वास आहेत. त्यातले नेमके सहाच 'हो', आणि तेही नेमके बरोबर उत्तराच्या जागी? मायलिस, तुझ्यासमोर प्रश्न होते. उत्तर काय यायला हवं ते तुला माहीत होतं."

तो 'हो' खरा नसेल तर एव्हर्टचे गुण सहा. म्हणजे शुश्रूषागृह. जागेचा निर्णय पंधरा दिवसांत व्हायचा होता.

त्या गुरुवारी चादर धरताना मायलिसनं मला हे सांगितलं. मी म्हटलं, ती दक्षिणेकडची, तिला काय कळणार आपल्या बोलण्यातलं. मायलिसला तो आधार नको होता. बोडिल उद्धट बोलली असती तर बरं झालं असतं, ती म्हणाली, भांडता तरी आलं असतं. बोडिलचा प्रश्न रास्त होता आणि तो घेऊन ती दोन रात्री पडून होती. "मी ऐकलं, की मला माहीत होतं?" ती म्हणाली. "एकेचाळीस वर्षांत मी स्वतःला हे कधी विचारलं नाही गं."

मग तिनं मला सांगितलं, की एव्हर्टची बायको व्हिओला रोज बसनं दीड तास प्रवास करून येते, आणि ती पहिल्या दिवसापासून सगळ्यांना सांगतेय की तो मला उत्तरं देतो. पण घरचे लोक सगळेच असं सांगतात. ज्यांचा माणूस कधीच शुद्धीवर येणार नसतो तेही सांगतात. त्यामुळे व्हिओलाचं बोलणं कुणी लिहून घेतलं नव्हतं. आणि वॉर्डातल्या नर्सांना मायलिसनं विचारलं, तर त्या म्हणाल्या, हो, करतो की तो 'हो'. मग डॉक्टरला का नाही सांगितलं? सांगण्यासारखं त्यात काही आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं. माणूस 'हो' म्हणतो, ही काय बातमी आहे?

तोडगा बोडिलनंच काढला. टेपवरचे सगळे चाळीस श्वास तिनं वेगळे कापले, त्यांच्या आधीचे प्रश्न काढून टाकले, क्रम उलटापालटा केला आणि नुसते आकडे दिले. मायलिसनं ते ऐकायचे आणि प्रत्येकापुढे लिहायचं: श्वास की होकार. प्रत्येक तुकडा फक्त दोनदा. आणखी कुणाला तरी बसवू का, असं बोडिलनं विचारलं होतं. पण कागदावर ते सहा 'हो' मायलिसच्या हातचे होते, आणि ती म्हणाली, आधी मी.

बुधवारी दुपारी ती बसली. तिनं नंतर सांगितलं, की पहिले दहा तुकडे ऐकताना तिला सगळेच श्वास सारखे वाटले. प्रश्न मागे नसला की माणसाचा आवाज किती एकटा पडतो, हे तिला तेव्हा कळलं. मग तिनं चष्मा काढून ठेवला, डोळे मिटले. तेव्हा फरक लागायला लागला. नुसता अडकलेला श्वास छातीतून सुरू होतो आणि शेवटी फरफरतो. होकार ओठांपाशी सुरू होतो आणि तिथेच तुटतो. चाळीस तुकड्यांना तिला अडीच तास लागले.

कागद घेऊन बोडिलनं ताडून पाहिलं. मायलिसनं पाच जागी 'होकार' लिहिलं होतं. त्यातले चार प्रश्नांनंतरचे. म्हणजे सहापैकी चार. उरलेल्या दोन ठिकाणी, जिथे तिनं महिन्यापूर्वी 'हो' टाइप केला होता, तिथे आता तिनंच लिहिलं होतं, 'श्वास'. आणि एक होकार, सत्तावीस नंबरचा, भलत्याच जागी होता. तिथे अभ्यासाचा कुठलाच प्रश्न नव्हता.

"एक चुकलं," बोडिल म्हणाली.

"सत्तावीसच्या आधी काय आहे टेपवर?"

"काही नाही. बारा प्रश्न संपले होते. यंत्र बंद करायचं राहून गेलं होतं."

"तरी लाव."

बोडिलनं मूळ टेप लावली. खुर्ची सरकल्याचा आवाज, प्रश्न विचारणाऱ्या बाईची पावलं दूर जाताना, मग दार उघडलं आणि दुसरी पावलं आत आली. पिशवी ठेवल्याचा आवाज. मग व्हिओलाचा आवाज, थकलेला, रोजचा: बाहेर पुन्हा बर्फ धरतोय, मी चारच्या बसनं गेले तर चालेल ना? आणि सत्तावीस नंबर. त्यानंतर पिशवी उचलल्याचा आवाज आणि दार लागल्याचा.

बोडिलनं ते तीनदा ऐकलं. मग ती म्हणाली, की बायकोनं दुसऱ्यांदा विचारलंसुद्धा नाही. तिला उत्तर मिळालं म्हणून ती गेली.

सहा आणि चार, दहा. एव्हर्टला जागा मिळाली. तरी बोडिलनं आपल्या समाधानासाठी तेच चाळीस तुकडे आतल्या गावांतल्या आणखी दोघांना ऐकवले, एक सफाई कामगार आणि एक रक्त तपासणारी. त्यांचे आकडे मायलिसच्या आकड्यांशी जुळले. सफाई कामगाराचे तर तंतोतंत, आणि तेही पाऊण तासात.

मी हे ऐकून चादर सोडून तिच्या गळ्यात पडणार होते, पण मायलिसचा चेहरा आनंदाचा नव्हता. ती त्या दोन श्वासांपाशी अडकली होती. ते तिनं ऐकले नव्हते. तिनं ते एव्हर्टच्या तोंडी घातले होते. वाईट हेतूनं नव्हे. एका मागून एक बरोबर उत्तरं येत होती, माणूस एवढी धडपड करत होता, आणि तिचा हात पुढे गेला होता. शाळेतली बाई हुशार पोराच्या अर्धवट उत्तराला पूर्ण गुण देते, तसं. पण मायलिस काही शाळेतली बाई नव्हती. ऐकायचं आणि लिहायचं, एवढंच तिचं काम होतं.

आणि याच्या बाबतीत असं झालं असेल तर बाकीच्या सदतीस जणांचं काय? हे बोडिलनं विचारायच्या आधी मायलिसनंच तिला विचारलं. बोडिल म्हणाली, की हो, ते मलाही विचारायचं होतं, पण आज नको असं वाटलं. त्या सदतीसही टेप पुन्हा ऐकायचं ठरलं, तसेच तुकडे करून, त्या दोघांकडून. मायलिसनं नाही. त्यांना दीड महिना लागला. दर सोमवारी मायलिस नव्या आकड्यांची वाट पाहायची आणि कुणाला तसं दाखवायची नाही. एव्हर्टचे दोन धरून एकूण अकरा 'हो' असे निघाले, जे टेपवर नव्हते आणि कागदावर होते. बहुतेकांना त्यानं काही फरक पडला नाही. एका विद्यार्थिनीचे मात्र नवाचे आठ झाले. सायकलवरून पडलेली, एकवीस वर्षांची पोर. जानेवारीपासून तिचं प्रशिक्षण सुरूही झालं होतं. तिला काढायचं नाही, पण अभ्यासात तिचा आकडा धरायचा नाही, असं बोडिलनं ठरवलं. मायलिस दुपारच्या सुट्टीत काचेतून पाहायची, ती पोर समांतर दांड्यांना धरून उभी राहायला शिकत असायची. ती जागा मायलिसच्या एका खोट्या 'हो'मुळे त्या पोरीला मिळाली होती. आपण याचं वाईट वाटून घ्यावं की बरं, हे कळत नाही, असं ती मला म्हणाली. मी माझ्याकडची टोकं तिच्या टोकांना जुळवली आणि आम्ही पुढची चादर घेतली.

संशोधनाच्या अहवालात उतरवण्यातल्या चुकांचा आकडा अकरा असा छापायचा ठरला. त्यापुढे माझं नाव घाला, असं मायलिस म्हणाली. बोडिल म्हणाली, चुकांपुढे कुणाचं नाव घालायची पद्धत नाही. मायलिस म्हणाली, पद्धत नसेल, पण अकरा चुका आपोआप होत नाहीत. शेवटी नाव काही छापलं नाही. त्याऐवजी बोडिलनं तिला एक काम दिलं: उतरवण्याच्या नियमांत या श्वासासाठी एक खूण ठरवायची, म्हणजे पुढे बसणारी कुणी सरळ 'हो' लिहून मोकळी होणार नाही. आठवडाभर अख्खा विभाग जेवणाच्या टेबलाशी श्वास आत ओढून त्याचं स्पेलिंग काय यावर वाद घालत होता. मायलिसनं अक्षरं सगळी नाकारली. तिनं नुसता एक बाण ठरवला, टोक आतल्या बाजूला. आणि बाणापुढे काय समजायचं ते उतरवणाऱ्यानं लिहायचं नाही, ते डॉक्टरनं ठरवायचं, असं तिनं नियमात घातलं.

निवृत्तीच्या आठवड्यात एक गोष्ट तिनं उरकली. ती व्हिओलाला भेटली. कुणी सांगितलं नव्हतं, आणि बोडिलला कळलं असतं तर तिनं अडवलं असतं. व्हिओला वॉर्डाबाहेरच्या बाकावर थर्मासमधली कॉफी पीत बसली होती. आत एव्हर्टला चमच्यानं दही खायला शिकवत होते. मायलिसनं आपलं नाव सांगितलं, काम सांगितलं, आणि सांगितलं, की तुझ्या नवऱ्याच्या दोन उत्तरांत मी खोटं लिहिलं होतं. बारापैकी बारा नव्हते. दहा होते.

व्हिओला हसायला लागली, आवाज न करता, खांदे हलवत.

"तीस वर्षांत त्यानं मला बारातल्या पाचांचीसुद्धा उत्तरं दिली नाहीत," ती म्हणाली. "दहा म्हणजे सुधारलाय की. कुठले दोन गं?"

मायलिसला हा प्रश्न येणार हे माहीत होतं आणि तिथूनच तिला पळावंसं वाटत होतं. एक खिडकीबाहेरच्या बर्फाचा होता, ती म्हणाली. दुसरा, तुझ्या बायकोचं नाव व्हिओला आहे का.

व्हिओलानं थर्मासचं झाकण फिरवून घट्ट केलं. मग पुन्हा सैल केलं आणि झाकणात थोडी कॉफी ओतून मायलिसपुढे धरली.

"'व्हिओला' अशी हाक मला फक्त पोस्टमन मारतो," ती म्हणाली. "एव्हर्टनं लग्नापासून मला म्हातारीच म्हटलंय. बावीस वर्षांची होते तेव्हापासून. त्याला वाटलं असेल, कोण ही व्हिओला."

"असेल," मायलिस म्हणाली.

"मग तो 'हो' परत लिहून टाक."

मायलिसनं कॉफी घेतली. असं असेलही, ती म्हणाली, पण ते टेपवर नाही. व्हिओलाला ते पटलं की नाही ते कळलं नाही. ती नुसती सरकली आणि बाकावर तिच्यासाठी जागा केली. आतून चमचा खाली पडल्याचा आवाज आला, मग पुन्हा, आणि तिसऱ्यांदा आला नाही.